डेपोच्या माळावरची विहीर

आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी उपसल्या आणि आज माझ्या घरी प्यायचं पाणी विकतचं येतं. बुलढाण्यात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत. शेजारी थट्टा करतात, मीही हसून घेतो. आता उजवा खांदा वर जात नाही, गुडघे रस्त्यानं चालताना वाजतात, आणि दिवाळी अंकवाले म्हणतात, "तुमचे अनुभव लिहा." लिहितो बापडा. दुसरं करण्यासारखं तरी काय उरलंय?

माझा धंदा यारीचा. ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभी करायची क्रेन. डिझेलचं इंजिन, तारेचा दोर गुंडाळणारा ड्रम, विहिरीवर झुकलेला लोखंडी खांब आणि दोराच्या टोकाला माणसाच्या मिठीत न मावणारी बादली. खाली माणसं खोदतात आणि बादली भरतात. वर एकजण लिव्हर धरून ती ओढतो, बाहेर फिरवतो, पालथी करतो. दिवसभर हेच. नव्या विहिरी खोदणारे पुष्कळ होते. मी जुन्या घ्यायचो. ढासळलेल्या, गाळानं भरलेल्या, कुणी रागानं बुजवलेल्या. नव्या विहिरीत खडक लागतो, जुनीत काय लागेल ते सांगता येत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. लोणारकडच्या एका शेतकऱ्याला पक्का वहीम होता की सरोवराचं खारं पाणी जमिनीखालून त्याच्या विहिरीत शिरतंय. तो प्रत्येक बादलीतलं पाणी चाखायचा आणि मग मलाही चाखायला लावायचा. संध्याकाळपर्यंत आम्हा दोघांचीही चव गेली. शेवटी त्यानं बायकोला बोलावलं. तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "पानी गोडच हाये, तुमची जीभच खारट हाये." चिखलीच्या एका वकीलसाहेबांना गाळ काढून हवा होता, पण विहिरीच्या कपारीत पारव्यांची घरटी होती, त्यांना धक्का लागता कामा नये अशी अट. आम्ही पारव्यांची परवानगी घेऊन इंजिन चालू करायचो. असे दिवसही गेले.

आमच्या धंद्यातला एक रिवाज मात्र नीट सांगायला हवा, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच आहे. बंद पडलेल्या विहिरीत हवा कोंडते. वरून काही दिसत नाही, पण खाली उतरलेला माणूस आवाज न करता आडवा होतो. म्हणून रोज सकाळी माणूस उतरवायच्या आधी पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर हवा चांगली. मिणमिणला किंवा विझला तर त्या दिवशी काम बंद. आणि हा कंदील सोडायचा विहिरीच्या मालकानं, मजुरानं नाही, मिस्तरीनंही नाही. मालकानं आपल्या हातानं सोडला आणि आपल्या डोळ्यांनी विझलेला पाहिला की तो "उतरा, उतरा, काही होत नाई" म्हणत नाही. हा रिवाज मला माझ्या उस्तादानं दिला. त्यामुळे मी एकही माणूस हवेपायी गमावला नाही. हे मी अभिमानानं सांगतो, पुढचं वाचूनही सांगतो.

देऊळघाटच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, माणसं अजून हयात आहेत. गावाबाहेरच्या माळाला आजही सगळे डेपो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या सरकारच्या फौजेनं तिथे मोडक्या सामानाचा डेपो टाकला होता. लढाईतून परत आलेलं सगळं तिथे यायचं. रेल्वेनं मलकापूरपर्यंत, तिथून ट्रकांनी घाट चढून. फुटलेल्या मोटारी, जळके तंबू, रिकामे डबे, खेचरांचे नाल, सैनिकांचे पट्टे. माळावर त्याची निवड चालायची. दुरुस्त होईल ते एका बाजूला, सुटे भाग निघतील ते दुसऱ्या बाजूला, उरलेल्याचे डोंगर. चांगला माल साठवायला पत्र्याच्या लांबलचक शेड. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं आणि बरंचसं हातानं बाहेर काढलं.

फौज गेली तरी डेपो गावात मुरला होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कोंबड्या लोखंडी टोपातून पाणी पीत होत्या. गोठ्याला मोटारीचा दरवाजा, खिडकीच्या काचेसकट. एका घराच्या अंगणात साहेबाचा चिनी मातीचा कमोड होता आणि त्यात झेंडू फुलला होता. घरमालकाला तो कमोड आहे हे मुलगा शहरात शिकायला गेल्यावर कळलं. तोवर तो पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचा.

पुंजाजी या गावचे. भाजीपाला लावणारे, वांगी, मेथी, मिरची. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगानं वाळलेले, पांढरी दाढी, आणि बोलणं अगदी हळू. मुलगा पुण्याकडे कंपनीत, घरी सून सुमनबाई. त्यांचं शेत डेपोच्या ताब्यात गेलं होतं आणि कितीतरी वर्षांनी परत मिळालं. शेत मिळालं, पण शेतातली विहीर मिळाली नाही. ती बुजवलेली होती. इतकी वर्षं बोअरवर भागलं. मग एकामागून एक बोअर कोरडे पडले आणि पुंजाजी एसटीनं माझ्याकडे आले.

"मिस्तरी, आमची इहीर उपसून द्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, डेपोतली विहीर. खाली काय असेल कोण जाणे. बाजूला नवी घ्या."

"नवी नाई पायजे."

"काऊन?"

ते माझ्या बाकावर टेकले. मग सांगितलं. लढाई संपली तेव्हा डेपो आवरायचा हुकूम आला. विकलं जाईना ते खड्ड्यात टाकायचं ठरलं आणि सगळ्यात मोठा आयता खड्डा म्हणजे यांची विहीर. पुंजाजींचे वडील तेव्हा डेपोतच मजुरीला होते. शेत कुंपणाच्या आत गेल्यावर दुसरं करणार काय? मुकादमानं टोळीला विहीर भरायला लावलं आणि त्या टोळीत ते होते.

"मी भाकर घेऊन गेल्तो," पुंजाजी म्हणाले. "पायतो तं बाप डोक्यावर घमेलं घेऊन आपल्याच इहिरीत टाकून राह्यला. मले पाह्यलं अन् मान फिरोली. त्या दिवशी त्यानं भाकर खाल्ली नाई. मंग जलमभर त्या बाजूनं गेला नाई. मरतानी म्हने, झरा लय मोठा व्हता रे, मीच दाबला."

"मले तेवढंच पाह्यचं हाये, मिस्तरी," ते पुढे म्हणाले. "झरा मेला का जिता हाये."

असं कुणी सांगितल्यावर नाही म्हणणारा माणूस मी नाही. तिथेच माझं धंद्यात नेहमी नुकसान झालं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला यारी माळावर नेली. मोटेचं पाणी जिथे पडायचं त्या थारोळ्याचा एक दगड जागेवर होता, त्यावरून विहिरीचं तोंड सापडलं. इंजिनावर लतीफ, माझा जुना सोबती, देऊळघाटचाच. लिव्हरवर त्याचा हात असा की भरल्या बादलीतला पाण्याचा थेंब सांडायचा नाही. खाली तीन-चार माणसं. आणि रोज सकाळी आमच्या आधी हजर असलेले पुंजाजी, धुतलेलं धोतर नेसून, कंदील पेटवून. देवाला दिवा लावावा तसे ते कंदील सोडायचे.

विहिरीतून फौज निघायला लागली. लोखंडी टोप, चेपलेले मग, हत्तीच्या सोंडेसारखी नळी असलेले विषारी वायूचे मुखवटे, मोटारीची चाकं, घोड्यांचे लगाम, पट्ट्यांचे बक्कल तर घमेल्यानं. गावात पिढ्यान्पिढ्या एकच बोलणं होतं की साहेबानं जाताना ग्रीस लावलेल्या कोऱ्या मोटारसायकली विहिरीत पुरल्या. त्यामुळे काठावर रोज जत्रा. चिखलीहून एक गृहस्थ मोटारसायकल बघायला आले ते सोबत हवा भरायचा पंप घेऊन. चार दिवस पंप मांडीवर धरून बसले होते. पाचव्या दिवशी बादलीतून एक हँडल निघालं. ते उठून उभे राहिले. सायकलचं होतं.

पुंजाजींना या कशात रस नव्हता. ते प्रत्येक बादलीतली माती चिमटीत धरून बघायचे. कोरडी. मग पुन्हा काठावर जाऊन बसायचे. सुमनबाई कडेला कडब्याच्या झोपडीत चूल मांडून आमची न्याहारी करायच्या, भाकर आणि ठेचा.

बरंच खोल गेल्यावर पत्र्याची गंजकी पिंपं लागायला लागली. त्यांच्याभोवती पांढरा, चुन्यासारखा थर होता. आम्हाला वाटलं चुनाच. फौजेनं रोगराई होऊ नये म्हणून टाकला असेल. खालच्या पोरांनी दोन टोपल्या घरी नेऊन भिंतीही सारवल्या. भिंती छान पांढऱ्या झाल्या. त्या संध्याकाळी एक पिंप अख्खं सापडलं, जड, न गंजलेलं. टिकावाचा घाव बसून त्याला भोक पडलं, आत राखाडी खडे दिसले. अंधार पडत होता. उद्या काढू म्हणून वर आलो. पुंजाजींनी शेवटच्या बादलीतली माती चिमटीत धरली आणि मला दाखवली. बोटांना चिकटत होती.

"ओल हाये," ते म्हणाले.

"थोडी आहे," मी म्हणालो. मला उगाच आशा लावायची नव्हती.

दुसऱ्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा हवेत लसणाचा वास भरला होता. झोपडीत सुमनबाई ठेचा कुटत होत्या. लतीफ म्हणाला, "वहिनी, आज वास भारी येऊन राह्यला. लसून जास्ती पडला का?"

"रोजच्याइतकाच तं हाये, भाऊ," त्या म्हणाल्या.

यावर आम्ही सगळे हसलो. भूक लागली होती. वऱ्हाडात सकाळच्या वेळी लसणाचा वास आला तर कुणीही भाकरीचाच विचार करील, विहिरीचा नाही. त्या वासावर मी नंतर किती रात्री घालवल्या ते सांगून उपयोग नाही.

पुंजाजींनी कंदील पेटवला आणि काठाशी वाकून दोरी सोडली. तो हातभरही खाली गेला नसेल. एक निळी-पिवळी ज्वाळा विहिरीच्या तोंडातून वर आली, आणि मग दणका. पायाखालची जमीन हलली. यारीची बादली घंटेसारखी झुलायला लागली. मी डोळे उघडले तेव्हा पुंजाजी काठापासून दूर उताणे पडले होते. दाढी नव्हती. भुवया नव्हत्या. दोन्ही हात पुढे धरलेले, आणि हातांची कातडी सैल झालेली. दोरी अजून मुठीत होती.

ते ओरडले नाहीत. "खाली कोनी हाये का?" एवढंच विचारलं.

"कोनी नाई, मामाजी, कोनी नाई," सुमनबाई रडत म्हणाल्या.

लतीफनं टेम्पो काढला आणि त्यांना बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका नाही, हातांचं सांगता येत नाही.

मग अशा वेळी जे होतं ते सगळं झालं. पोलीस आले, तहसीलचे लोक आले, बाहेरून जाणकार पथक आलं. त्यांनी सावकाश, सांभाळून पाहणी केली. पिंपात कार्बाईड होतं. आमच्याकडे त्याला कारबेट म्हणतात. पूर्वी वेल्डिंगवाले वापरायचे, आंबे पिकवायला वापरायचे, आणि त्यापासून निघणाऱ्या वायूला लसणासारखा वास येतो. पांढरा चुना म्हणजे विरून गेलेलं कारबेटच. म्हणजे इतर कुठल्याही विहिरीत जो कंदील माणूस वाचवतो, तोच इथे काडी ठरला. पथकातले एक साहेब मला म्हणाले, "तुमचा रिवाज चुकीचा नाही, विहीर वेगळी होती." भला माणूस. पण मला त्यानं बरं वाटलं नाही.

त्यांनी हाताला लागली ती पिंपं काढली. खाली अजून काय असेल याची खात्री कुणी देईना. गावात पोरं, गुरं. पावसाळा तोंडावर. विहीर ताबडतोब बुजवायचा आदेश निघाला. पुंजाजींचा मुलगा रजा काढून आला होता, तोही म्हणाला, "बुजवून टाका, आम्हाले नाई पायजे." बरोबरच होतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

यारी तिथेच उभी होती, म्हणून काम मला सांगितलं. नाही म्हणता आलं असतं. मग दुसरा कुणी आला असता आणि सापडेल तो कचरा लोटून गेला असता. मी आधी काळा दगड टाकला, मग मुरूम, मग माती. हलक्या हातानं, थरावर थर. लतीफ लिव्हर ओढत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"इतके दिवस उपसली," तो म्हणाला. "भराले काई वेळच नाई लागला, मिस्तरी."

 

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो.  पुंजाजींना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. मुलगा म्हणाला होता, घरी आल्यावर सांगू. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, चेहरा मलमानं चकाकणारा, आणि डोळे मात्र असे की मी इतक्या दिवसांत कधी पाहिले नव्हते. सुमनबाई खाटेशी बसल्या होत्या.

"मिस्तरी, या," ते म्हणाले. "तुमचीच वाट पाहून राह्यलो. ते कारबेट व्हतं म्हनतेत, खरं का?"

"हो बाबा."

"जत्रेत खेळन्यावाल्यापाशी कारबेटचा दिवा राहे, पाह्यला का तुमी? खाली खडे अन् वरून पानी टपकते. पानी बंद केलं का दिवा बंद. नुसतं कारबेट पन्नास वर्सं ठेवा, काई होत नाई. त्याले पानी लागते."

मला अजूनही कळलं नव्हतं. आयुष्य विहिरींत घालवलेला मी माणूस, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"त्या राती खाली पानी आलं व्हतं, मिस्तरी," ते म्हणाले. हसायला गेले तशी भाजलेली कातडी ताणली गेली आणि ते कळवळले, पण हसणं थांबेना. "भोक पडलेल्या पिंपात पानी शिरलं. त्याच्याबिगर एवढा भडका होतच नाई. झरा जिता हाये. बापानं दाबला नाई. एवढं लोखंड उरावर घेऊन जिताच राह्यला. मले सुट्टी झाली का पुन्हा लागू. कारबेट तं जळून गेलं आता, भेव कायचं?"

सुमनबाई खाली फरशीकडे बघत होत्या. आता हे मुलावर सोपवून उठून जाणं मला शक्य नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "विहीर बुजवली. वरून आदेश होता. कालच काम झालं."

ते हसायचे थांबले. शेजारच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळला. पुंजाजी आपल्या पट्ट्यांकडे बघत होते, जसे काही ते हात दुसऱ्याचे असावेत. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो.

"कोनं भरली?" त्यांनी विचारलं.

"मीच. आपल्याच यारीनं."



"बरं झालं," ते म्हणाले. "मागल्या खेपेलेही परका नव्हता."

मग त्यांनी सुमनबाईंना सांगितलं, मिस्तरी उन्हातून आलेत, त्यांना चहा आणा.